मधल्या सुट्टीतला बाजार

मधल्या सुट्टीची घंटा होते आणि शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसते. डबा उघडण्याआधी पोरांचे हात दप्तराच्या आतल्या कप्प्यात जातात, रबर लावलेले गठ्ठे बाहेर निघतात. एकजण अंगठ्यानं एकेक कार्ड पुढं सरकवतो आणि समोरचा भराभर बोलत राहतो, “हाय, हाय, हाय... थांब! ह्यो न्हाय माझ्याकडं.” तिथून सौदा सुरू होतो. “डबल हाय का तुझ्याकडं?” “हाय, पर दोन घेणार.” “दोन कशाला? कोपरा दुमडलाय बघ.” तिसरा मध्ये पडतो, चौथा साक्षीदार होतो. सुट्टी संपेपर्यंत पिकाचू एका दप्तरातून दुसऱ्यात गेलेला असतो आणि बहुतेक वेळा देणारा आणि घेणारा, दोघंही खूश असतात.

सांगली जिल्ह्यातल्या ईश्वरपुरात, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपुरात, शाळांच्या आसपासच्या स्टेशनरीच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत या कार्डांच्या पाकिटांच्या माळा टांगलेल्या दिसतात. पोकेमॉन, कुस्तीवाले, क्रिकेटवाले, सोनेरी चकाकणारे असे त्यांचे प्रकार. घराघरात त्यावरून कटकटही ऐकू येते. खाऊचे पैसे यातच जातात, अभ्यासात लक्ष नाही, परवा भांडण करून आला. शिक्षकांच्या टेबलाच्या खणात जप्त केलेले गठ्ठे असतात. या तक्रारी खऱ्या आहेत. पण व्हरांड्यात चाललेला तो व्यवहार थोडा वेळ शांतपणे पाहिला की लक्षात येतं, नऊ-दहा वर्षांची ही मुलं जे करत आहेत ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि ते सोपंही नाही. वस्तूची किंमत ठरवणं, समोरच्याची गरज ओळखणं, नाही म्हणणं, शब्द पाळणं, तोटा पचवणं हे सगळं ती एका सुट्टीत करतात.

या लेखात मला एवढंच मांडायचं आहे, की पाकीट विकत घेऊन फोडण्यात मुलं फारसं काही शिकत नाहीत. डबल आलेल्या कार्डाचं पुढं काय करायचं, या प्रश्नापाशी त्यांचं शिकणं सुरू होतं. पालक आणि शिक्षकांनी हा फरक ओळखला तर बंदी आणि मोकाट सूट यांच्या मधली एक चांगली वाट सापडते.

छाप, गम आणि ट्रम्प कार्ड

आज साठी-सत्तरीत असलेल्या कुणाही माणसाला विचारा. इथल्या वाळवा तालुक्यातल्या गावागावांत तेव्हा काड्यापेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटं गोळा केली जायची. रस्त्याच्या कडेला, एस. टी. स्टँडवर, बाजार उठल्यावर पोरं जमिनीकडं बघत फिरायची. अंबरनाथला विमको कंपनीचा काड्यापेट्यांचा कारखाना विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकातच उभा राहिला होता. पुढं शिवकाशीच्या पेट्या आल्या आणि चित्रांची चंगळ झाली. घोडा, वाघ, जहाज, कमळ असे छाप वेगळे काढून वहीत दाबून ठेवायचे. मातीत रिंगण आखायचं, त्यात छाप मांडायचे आणि चपट्या खापरीनं ते बाहेर उडवायचे. गावात जी सिगारेट जास्त ओढली जायची तिच्या पाकिटाला भाव कमी. एखादा पाहुणा मुंबईहून येऊन वेगळं पाकीट टाकून गेला, तर त्याचा भाव पोरंच ठरवायची. दुर्मीळपणातून किंमत तयार होते, हे अर्थशास्त्राचं पहिलं सूत्र त्यांना असं मातीत बसून कळलं होतं.

वस्तूच्या बदल्यात वस्तू ही रीत इथल्या मुलांना नवी नव्हती. सुगीच्या दिवसांत ओंजळभर ज्वारी देऊन बोरं घ्यायची, मोडकं लोखंड देऊन गारेगार घ्यायचं. चिंचोके, गोट्या, सागरगोटे ही तर मुलांची चलनंच होती. मुलींकडं काचकवड्यांचे डबे असत. फुटक्या बांगड्यांचे तुकडे रंगांप्रमाणे लावलेले, त्यात निळ्या काचेला मान मोठा. कार्डांचा खेळ मुलग्यांचा मानला जातो, पण जमवणं, लावणं आणि बदलणं हे मुलींनीही तेवढंच केलेलं आहे.

नंतर बिग फन बबलगम आला. आत क्रिकेटपटूंची चित्रं, त्यांवर धावा किंवा बळी छापलेले. ते जमवून भेटवस्तू मिळायची, म्हणून पोरं धावांची बेरीज बोटांवर करत हिंडायची. नव्वदीत केबल टीव्ही आला आणि त्यामागोमाग डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्ड. उंची, वजन, छाती, दंड, खेळलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. कार्ड हातात धरून कुठला आकडा पुकारायचा, हा त्यातला डाव. ज्याचं वजन जबर त्याची उंची बेताची असू शकते, म्हणून आपलं बलस्थान ओळखून पुकारा करायचा. कृष्णाकाठची पोरं तालमीत घाम गाळणाऱ्यांच्या गावातली. फूट, इंच आणि पौंडातले पहिलवान त्यांनी तोंडपाठ केले. २००३ पासून पोकेमॉन भारतातल्या छोट्या पडद्यावर आला आणि कार्डांवरच्या चेहऱ्यांची नवी पिढी सुरू झाली.

चेहरे बदलत गेले, पण वय बदललं नाही. आठ ते बारा या वयात मूल जमवायला लागतं. याच वयात त्याला वर्गवारी जमायला लागते. एकच वस्तू रंगानं एका गटात, आकारानं दुसऱ्या गटात आणि दुर्मीळपणानं तिसऱ्या गटात बसते, हे त्याला उमगतं. गठ्ठा रोज नव्या क्रमानं लावणारं मूल नेमका हाच सराव करत असतं.

पन्नासावं कार्ड

आता थोडं गणित. समजा एका संचात पन्नास वेगवेगळी कार्डं आहेत, पाच रुपयांच्या पाकिटात एक कार्ड निघतं आणि प्रत्येक कार्ड निघण्याची शक्यता सारखी आहे. पूर्ण संच व्हायला सरासरी किती पाकिटं घ्यावी लागतील? मुलांना विचारलं तर पन्नास, साठ, फार तर शंभर असं उत्तर येतं. खरं उत्तर आहे सुमारे २२५. म्हणजे सव्वा अकराशे रुपये.

हे असं का होतं, ते पायरीपायरीनं पाहण्यासारखं आहे. पहिली पंचवीस कार्डं जमायला सरासरी ३४ पाकिटं पुरतात. बहुतेक पाकिटातून नवंच कार्ड निघतं, म्हणून सुरुवातीला मुलाला वाटतं की संच आता झालाच. उरलेल्या पंचवीस कार्डांना मात्र १९० च्या आसपास पाकिटं लागतात. शेवटच्या पाच कार्डांनाच सुमारे ११४ लागतात आणि अगदी शेवटच्या एका कार्डासाठी सरासरी पन्नास. संच जितका पूर्ण होत जातो तितकं प्रत्येक नवं कार्ड महाग होत जातं. त्यातच कंपनीनं काही कार्डं मुद्दाम कमी छापली असतील, तर हिशेब आणखी फुगतो.

इटलीतल्या मोडेना शहरातल्या पानिनी कंपनीनं १९६१ साली फुटबॉलपटूंच्या चित्रांचा संग्रह काढला. आज त्यांचा विश्वचषकाचा अल्बम जगभरची मुलं भरतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या सिल्व्हेन सार्डी आणि इव्हान वेलेनिक या दोन गणितज्ञांनी २०१० च्या अल्बमाचा हिशेब मांडला. त्यात ६४० चित्रं होती. कुणाशीही अदलाबदल न करता तो भरायचा तर सरासरी साडेचार हजारांवर चित्रं विकत घ्यावी लागतात.

मुलांनी हे गणित केलेलं नसतं, पण त्यातून निघणारा मार्ग त्यांना सापडलेला असतो. एकट्यानं विकत घेत बसायचं नाही, सोबत्याशी बदलायचं. याचा हिशेब घरातल्या लुडोच्या फाशावर करता येतो. फाशाची सहाही घरं एकदा तरी पडायला सरासरी १४.७ फेके लागतात. दोन मित्रांनी आपापला संच वेगळा भरला तर दोघांचे मिळून २९.४ फेके होतात. दोघांनी एकत्र टाकून प्रत्येक घर दोनदा पडेपर्यंत खेळलं, तर २४.१ फेक्यांत दोन्ही संच भरतात. सोबती वाढले आणि कार्डं वाढली की हा फायदा आणखी वाढतो. डोनाल्ड न्यूमन आणि लॉरेन्स शेप यांनी १९६० मध्ये आइस्क्रीमच्या कपांच्या झाकणांवरच्या चित्रांचं निमित्त करून हा प्रश्न सोडवला होता. राज्यातल्या शाळांत आता ‘आनंददायी शनिवार’ असतो. त्या दिवशी चाळीस मुलांच्या हाती वीस फासे दिले, तर शक्यता, सरासरी आणि सहकार्य हे तिन्ही धडे एका तासात होतील.

तिसऱ्याला आणायची युक्ती

अदलाबदलीत एक जुनी अडचण आहे. माझ्याकडं जे आहे ते तुला हवं असलं पाहिजे आणि तुझ्याकडं जे आहे ते मला. दोन्ही एकाच वेळी जुळणं अवघड. माणसानं पैसा शोधला त्यामागं ही अडचण होती, असं अर्थशास्त्र सांगतं. मुलांकडं पैसा नसतो, म्हणून ती दुसरी वाट काढतात. मला तुझा म्यूटू हा पोकेमॉन हवा आहे, तुला माझं काहीच नको, पण तुला ‘ब’ वर्गातल्या एकाचा चारिझार्ड हवा आहे आणि त्या पोराला माझा पिकाचू हवा आहे. मग तिघांना एका जागी आणायचं. जो पोरगा हे जुळवून आणतो त्याला आपलं हवं सोडून इतर दोघांचं हवं मनात धरावं लागतं. दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं म्हणतात ते हेच.

मोठ्यांच्या जगात याच युक्तीनं जीव वाचतात. लॉइड शेपली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९७४ मध्ये, पैसा न वापरता साखळीनं अदलाबदल कशी करावी याचं गणित मांडलं. पुढं आल्विन रॉथ यांनी त्याच धर्तीवर मूत्रपिंडांच्या अदलाबदलीची व्यवस्था उभारायला मदत केली. नवऱ्याला मूत्रपिंड द्यायला बायको तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या एका जोडप्याचीही तीच अडचण आहे. मग या जोडप्यातल्या दात्यानं त्या रुग्णाला द्यायचं आणि त्या जोडप्यातल्या दात्यानं या रुग्णाला. भारतात २०११ च्या कायदादुरुस्तीनं अशा अदलाबदलीला मान्यता दिली. शेपली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हरांड्यात तिघांना एकत्र आणणारं पोर त्याच विचाराच्या पहिल्या पायरीवर उभं असतं. ते त्याला कुणी सांगितलं तर त्याचा गणिताकडं बघण्याचा नूरच बदलेल.

आपलं ते मोलाचं

माणसाला हातातली वस्तू तिच्या किमतीपेक्षा जास्त मोलाची वाटते. तीच वस्तू दुसऱ्याच्या हातात असती तर आपण तिला एवढा भाव दिला नसता. घर विकताना, जमीन विकताना, जुनी मोटारसायकल विकताना आपण सगळे या ठिकाणी अडखळतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांनी ही गोष्ट थेट खेळाडूंच्या कार्डांच्या प्रदर्शनात जाऊन तपासली. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण सारख्या किमतीच्या दोन वस्तूंपैकी एक वस्तू कुणालाही चिठ्ठी काढल्यासारखी द्यायची आणि मग विचारायचं, दुसरीशी बदलतोस का? मिळालेली वस्तू नशिबानं आलेली असल्यामुळं साधारण निम्म्यांनी बदलायला हवी. नवख्यांपैकी फार थोड्यांनी बदलली. अदलाबदलीत मुरलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी बदलली. देण्याघेण्याचा सराव असला की ‘माझं’ या भावनेची पकड सैल होते आणि वस्तूकडं वस्तू म्हणून बघता येतं.

हा सराव लहानपणी दोन रुपयांच्या कार्डावर झाला तर फार स्वस्त पडतो. सुरुवातीला पोर आवडतं कार्ड कुणाच्या हातातही देत नाही. मग एक दिवस देतं, रात्रभर हळहळतं, दुसऱ्या दिवशी नव्या कार्डाची सवय होते. “दिलं ते दिलं, परत मागायचं न्हाय,” हा मुलांचाच नियम आहे आणि तो पाळायला काळीज लागतं.

नियम कुणी केले?

त्या नियमाबद्दल थोडं सांगायला हवं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत जिनिव्हा आणि न्यूशातेल इथल्या मुलांबरोबर गोट्या खेळून नीतिबुद्धीचा अभ्यास केला. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९३२ मध्ये आलं. लहान मुलांना नियम म्हणजे वडीलधाऱ्यांकडून आलेली न बदलणारी गोष्ट वाटते, तरी ती प्रत्यक्षात आपल्याच मनासारखं खेळतात. दहा-अकराव्या वर्षाकडं येताना त्यांना कळतं, की नियम आपणच आपसांत ठरवलेले असतात, सगळ्यांची संमती असेल तर ते बदलता येतात आणि म्हणूनच ते पाळायचे असतात. ही नागरिकत्वाची सुरुवात आहे. गंमत म्हणजे ती मोठ्यांच्या भाषणातून होत नाही, बरोबरीच्या मुलांशी वाद घालताना होते.

कार्डांच्या बैठकीतही असंच होतं. हात लावला म्हणजे घेतलं का? फाटकं कार्ड लपवून दिलं तर सौदा मोडतो का? पहिलीतल्या पोराकडून चकाकणारं कार्ड साध्या कार्डाला उचललं तर ते चालेल का? प्रत्येक शाळेत, प्रत्येक गल्लीत उत्तरं वेगळी. वाद होतो, एखादा रडीचा डाव खेळतो, दोन दिवस कट्टी होते. पण ज्यानं फसवलं त्याच्याशी चार दिवस कुणी बदलत नाही आणि ही शिक्षा कुठल्याही छडीपेक्षा जास्त लागू पडते. विश्वास हेही भांडवल आहे, हे तेव्हा कळतं.

इथं मोठ्यांनी कुठं उभं राहायचं? हिसकावून घेणं, चोरी, धमकी यांत ताबडतोब पडायचं. फार लहान मुलाला फार मोठ्यानं गंडवलं तर दोघांना समोरासमोर बसवायचं. बाकी तोटा झालेल्या मुलाला कार्ड परत मिळवून देण्याची घाई करू नये. “तू काय दिलंस, काय घेतलंस, परत अशी वेळ आली तर काय करशील?” एवढं विचारावं. पाच रुपयांत मिळालेली ही समज पुढं पाच लाखांच्या व्यवहारात उपयोगी पडते.

व्यवहारातून वहीत

पण एक सावधगिरी हवी. कार्डं बदलली की गणित आपोआप सुधारतं, असं मानायला आधार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचं काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना त्यांनी पाहिलं. भाव, वजन, सुटे पैसे यांचे गुंतागुंतीचे हिशेब ती तोंडी आणि बिनचूक करत होती. त्याच पातळीची गणितं शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिली की त्यांतली बहुतेक अडत होती. शाळेत चांगली असलेली मुलं याच्या उलट, वहीतलं गणित करायची आणि बाजारातल्या हिशेबात गोंधळायची. एका ठिकाणची हुशारी दुसऱ्या ठिकाणी आपल्या पायांनी चालत जात नाही. मधे साकव बांधावा लागतो आणि तो बांधणं मोठ्यांचं काम आहे.

हा साकव बांधणं अवघड नाही. मुलाला वहीत तीन रकाने आखायला सांगा: माझ्याकडं आहेत, डबल आहेत, हवी आहेत. आठवड्याला किती पाकिटं घेतली आणि त्यांतून किती नवी निघाली, ते लिहायला सांगा. महिन्याभरात नव्या कार्डांची रेघ खाली येताना त्याला स्वतःच्या अक्षरात दिसेल. दोन साधी म्हणजे एक चकाकणारं हा भाव असेल आणि दोन चकाकणारी म्हणजे एक सोनेरी, तर एका सोनेरीला किती साधी? गुणोत्तर शिकवायला याहून जिवंत उदाहरण पाचवीच्या वर्गात सापडणार नाही. कार्डावरचं इंग्रजी वाचता येत नसेल तर ते वाचायची ओढही याच वयात असते. ती ओढ वाया घालवू नये.

भारद्वाजाचं कार्ड

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योच्या उपनगरात किडे गोळा करत हिंडायचे. शेतं आणि तळी बुजवून तिथं शहर वाढलं. पुढच्या मुलांनाही शोधण्याचा आणि जमवण्याचा तोच आनंद मिळावा म्हणून त्यांनी खेळ रचला. १९९६ मध्ये जपानमध्ये तो दोन आवृत्त्यांत निघाला, लाल आणि हिरवी. दोन्हींत काही प्राणी मुद्दाम वेगळे ठेवले होते, त्यामुळं दुसऱ्या मुलाशी अदलाबदल केल्याशिवाय संग्रह पुरा होत नसे. कार्डंही त्याच वर्षी आली. म्हणजे या साऱ्या खेळाच्या मुळाशी मातीतले किडे आणि मुलांची भेट या दोन गोष्टी आहेत.

आज त्या मुळाचा विसर पडला आहे. केंब्रिजचे अँड्र्यू बामफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक छोटा पण हलवून सोडणारा अभ्यास मांडला. ब्रिटनमधल्या १०९ मुलांना काही कार्डांवर पोकेमॉन आणि काहींवर आसपासचे पशुपक्षी, झाडं दाखवली. आठ वर्षांची मुलं पोकेमॉन ७८ टक्के ओळखत होती, भोवतीचे जीव मात्र ५३ टक्के. शिकण्याची ताकद मुलांत भरपूर आहे, आपण ती कुठं लावतो हा प्रश्न आहे, असा त्याचा अर्थ.

ईश्वरपूरच्या मुलांसाठी याचं उत्तर जवळच आहे. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरांवर उभं राहिलं. चितळ, सांबर, काळवीट तिथं आहेत. शिराळ्याच्या पलीकडं चांदोलीचं जंगल आहे, कृष्णेत मगरी आहेत, उसाच्या बांधावर भारद्वाज आणि वेडा राघू आहेत. जाड कागद कापून मुलांनी याच जीवांची कार्डं करावीत. चित्र, नाव, खाणं, राहायची जागा, दिसला कुठं आणि कधी. जो पक्षी स्वतः पाहिला त्याचंच कार्ड करायचं, एवढा एक नियम ठेवला तर दुर्मीळपणा कंपनी ठरवणार नाही, रान ठरवेल. शिराळ्याच्या मुलांकडं जे असेल ते बोरगावच्या मुलांकडं नसेल, मग दोन शाळांत अदलाबदल होईल.

माणसांची कार्डंही करता येतील. पुनवतचे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, दोघांनीही १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत पदकं मिळवली. भारताला १९५२ मध्ये मद्रासला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार विजय हजारे सांगलीत जन्मले. स्मृती मानधना सांगलीत वाढली. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील हे वाळवा तालुक्यातले. दुकानातल्या पाकिटांत बायका क्वचितच असतात, मुलांच्या हातच्या गठ्ठ्यात त्या असू द्याव्यात. चित्रांच्या पानांची कला आपल्याकडं जुनी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी हातानं रंगवलेली १२० गोल पानं असतात. त्या परंपरेच्या मुलखातल्या मुलांना स्वतःचा संच करणं जड जाऊ नये.

काळजीची बाजू

या खेळाची एक बाजू धोक्याची आहे आणि ती झाकून चालणार नाही. बंद पाकीट फोडताना छातीत जे धडधडतं त्याची जात सोडतीच्या तिकिटासारखीच आहे. एखादं सोनेरी कार्ड निघतं आणि त्या आशेवर पुढची वीस पाकिटं घेतली जातात. अमेरिकेत १९९९ मध्येच काही पालक या मुद्द्यावर न्यायालयात गेले होते. मोबाइलवरच्या खेळांत पैसे देऊन बंद पेटी उघडण्याची सोय आली, तेव्हा बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगार ठरवलं. कागदी पाकिटाची सवय मोबाइलच्या पडद्यावर गेली की तिथं ना रोखणारा मित्र असतो ना बदलायला डबल कार्ड.

दुसरी गोष्ट पैशांची. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या मुलाच्या हाती पाकिटासाठी पाच रुपये नसतात. ज्याच्याकडं गठ्ठा नाही तो बैठकीच्या बाहेर राहतो. हातानं केलेल्या कार्डांचं मोठेपण इथंही आहे, तिथं भांडवल डोळ्यांचं आणि हातांचं लागतं. तिसरी गोष्ट नकली मालाची. खेडोपाडी विकली जाणारी अनेक स्वस्त कार्डं नकली असतात. अक्षरं चुकलेली, पाठीमागचा रंग फिका, कागद पातळ. तेही मुलांना दाखवावं. छापलेलं सगळं खरं नसतं, हे या काळात लवकर कळलेलं बरं.

म्हणून घरात एक साधा करार करता येतो. आठवड्याला किती पाकिटं, ते आधी ठरवायचं आणि ते मुलानं स्वतः लिहून ठेवायचं. संच निम्मा झाला की विकत घेणं कमी करायचं, पुढचा निम्मा जमेल तितका अदलाबदलीनं भरायचा. वरचं गणित पाहिलं तर पैशांच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं आहे, कारण महाग पडतो तो उत्तरार्धच. शाळेनं गठ्ठे जप्त करण्याऐवजी महिन्यातला एक शनिवार आणि एक वर्ग या बाजाराला द्यावा. तिथं पैसे चालणार नाहीत, पहिली-दुसरीतल्या मुलांना सौदा एका दिवसात परत करता येईल, बाकीचे नियम मुलं फळ्यावर लिहितील आणि तंटा झाला तर सोडवायला पंच मुलांतलेच असतील. शिक्षकांनी कोपऱ्यात बसून ऐकावं. कोण हिशेबात पक्का आहे, कोण दुसऱ्याचं मन ओळखतो, कोण भिडेपोटी नाही म्हणू शकत नाही, हे परीक्षेच्या पेपरात न दिसणारं सगळं तिथं दिसेल.

दिवाळीची सुट्टी येते. मामाच्या गावाला आलेली मुलं आपापले गठ्ठे घेऊनच येतात. पुण्या-मुंबईच्या भाचरांकडं जे डबल आहे ते इथल्या पोरांना हवं असतं आणि इथल्यांकडं जे आहे ते त्यांना. त्या चार दिवसांत त्यांना आणखी पाकिटं आणून देण्यापेक्षा एक सतरंजी अंथरून द्यावी आणि सौदे होऊ द्यावेत. वस्तू जमवण्याची हौस सगळ्या मुलांना असते. ती हौस दुकानाकडं वळली तर मूल गिऱ्हाईक होतं आणि दुसऱ्या मुलाकडं वळली तर ते हिशेब, शब्द आणि माणूस ओळखायला शिकतं. कुठं वळवायची, हे या वयात तरी आपल्या हातात आहे.